स्कार्फ, छत्री आणि शुभेच्छुकांची रांग

पुण्यातल्या मुली दुचाकीवर स्कार्फ बांधू लागल्या त्या धूळ, ऊन आणि चौकाचौकात दिसणारे ओळखीचे काका-काकू यांच्यापासून सुटका व्हावी म्हणून. कपाळापासून गळ्यापर्यंत कापड आणि वर बशीएवढा गॉगल. चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांना चकवायला जगभरात जे जे शोधून काढलं गेलं, त्यात इतकं स्वस्त आणि इतकं परिणामकारक दुसरं काही माझ्या पाहण्यात नाही. अडचण एवढीच की बँकेच्या आणि सराफाच्या दारावर पाटी असते, ‘हेल्मेट व स्कार्फ काढून आत यावे’. जिथे कॅमेरा मन लावून बघतोय, नेमका तिथेच स्कार्फ सोडावा लागतो. आणि रस्त्यावर चेहरा झाकला तरी गाडीची नंबरप्लेट उघडीच राहते.

गेली दोन-तीन वर्षं लोक मला विचारतात, या कॅमेऱ्यांपासून वाचायचं कसं? बहुतेकांना एखादा चष्मा, एखादं मलम, एखादी युक्ती हवी असते. त्या युक्त्या सांगतेच. पण आधी हे यंत्र काय करतं ते बघू, म्हणजे कुठली युक्ती का फसते हे मला वेगळं सांगावं लागणार नाही.

यंत्र आधी चित्रात चेहरा कुठे आहे ते शोधतं. मग डोळे, नाक, ओठांचे कोपरे यांच्या आधाराने तो सरळ करून घेतं आणि त्याची आकड्यांची एक ओळ बनवतं. गूगलच्या संशोधकांनी २०१५ साली मांडलेल्या फेसनेट या पद्धतीत एका चेहऱ्याचे १२८ आकडे होतात. इथपर्यंत यंत्राला तुम्ही कोण हे मुळीच ठाऊक नसतं. ही ओळ ते आधीपासून साठवलेल्या ओळींशी ताडून बघतं आणि एखादी पुरेशी जवळ आली की ‘जुळलं’ म्हणतं. पुरेशी म्हणजे किती, हे मात्र यंत्र नव्हे, माणूस ठरवतो. दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये माहिती अधिकारातल्या एका अर्जाला दिलेलं उत्तर असं की ८० टक्क्यांच्या वर साम्य असेल तर ते जुळलं असं धरतात. ८०च का, याचं कारण तुम्हीच शोधा.

ताडण्याचे दोन प्रकार आहेत आणि हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. लोकलमधला टीसी पासावरचा फोटो बघतो आणि तुमच्याकडे बघतो. हा एकास एक मामला. दुसरा प्रकार म्हणजे लग्नाच्या दारात अल्बम घेऊन बसलेला माणूस, जो येणाऱ्या प्रत्येकाचं तोंड अख्ख्या अल्बममध्ये शोधतो. तुम्ही त्याला काही दाखवलेलं नाही, त्याने काही विचारलेलं नाही. पहिल्या प्रकारात तुम्हाला निदान कळतं की आपली ओळख पटवली जातेय. दुसऱ्यात कळतही नाही. मात्र अल्बममध्ये तुमचा फोटोच नसेल, तर त्या माणसाच्या लेखी तुम्ही नुसतेच एक पाहुणे.

आता युक्त्या. न्यूयॉर्कमध्ये अ‍ॅडम हार्वे या कलावंताने २०१० साली ‘सीव्ही डॅझल’ नावाचा प्रकार काढला. गालावर काळे-पांढरे चौकोनी पट्टे आणि नाकावर आडवी आलेली केसांची बट. त्या काळच्या यंत्राला समोर चेहरा आहे हेच कळत नसे. ते यंत्र २००१ सालच्या एका पद्धतीवर चालायचं. आजची यंत्रं त्या पट्ट्यांना भीक घालत नाहीत. शिवाय गावात बहुरूपी पोलिसाच्या वेशात आला की गल्लीतली पोरं आधी त्याच्याच मागे लागतात. गालावर पट्टे ओढून तुम्ही लक्ष्मी रोडवर निघालात, तर कॅमेरा राहू दे, अख्खा रस्ता तुम्हाला ओळखून ठेवील.

अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये रंगीबेरंगी नक्षी छापलेल्या चष्म्याच्या फ्रेमा बनवल्या. त्यांतली एक घातलेला पुरुष संशोधक यंत्राला चक्क मिला जोवोविच ही अभिनेत्री वाटला. बातमी झकास होती. पण ती नक्षी यंत्राच्या पोटात काय चालतं हे बघून, खास त्याच यंत्रासाठी काढलेली होती. तुमच्या मॉलमधल्या यंत्राच्या पोटात काय आहे हे तुम्हाला कोण सांगणार? तशाच नक्षीचे टी-शर्ट आज विकत मिळतात. आवडले तर टी-शर्ट म्हणून घ्या.

अवरक्त किरण परतवणारे चष्मे मात्र अगदीच फोल नाहीत. अंधारात बघणारे बरेच कॅमेरे आपल्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकतात. तो परत फेकला की डोळ्यांच्या जागी नुसता पांढरा झोत उरतो. दिवसाउजेडी त्यांचा उपयोग नाही. एखादा कॅमेरा रात्री असा प्रकाश टाकतो का हे बघायचं असेल, तर मोबाइलच्या कॅमेऱ्यातून त्याच्याकडे बघा. पुष्कळ मोबाइलना जांभळट ठिपके दिसतात. आधी टीव्हीच्या रिमोटचं बटण दाबून स्वतःच्या मोबाइलची परीक्षा घ्या, म्हणजे तुमच्या मोबाइलला दिसतं की नाही ते कळेल.

राहता राहिला मास्क. अमेरिकेतल्या निस्ट या सरकारी संस्थेने जुलै २०२० मध्ये ८९ प्रणाली तपासल्या. मास्क लावलेल्या चेहऱ्यांवर त्यांच्या चुका ५ ते ५० टक्क्यांपर्यंत गेल्या. नाक पूर्ण झाकलं की चुका वाढत, आणि काळा मास्क निळ्यापेक्षा यंत्रांना जड गेला. पण करोनाच्या साथीने जसं आपल्याला शिकवलं तसं यंत्रांनाही शिकवलं. पुढच्या प्रणाली भुवया आणि डोळ्यांवर भागवू लागल्या. म्हणून मास्क एकटा पुरत नाही, बरोबर गॉगल हवा. म्हणजे आपण परत पुण्याच्या मुलींपाशी आलो. कॅमेरे बहुधा उंचावर असतात, त्यामुळे पुढे झाप असलेली टोपी डोळ्यांवर सावली धरते. गांधी टोपीचा इथे उपयोग नाही. छत्रीचा मात्र आहे. हाँगकाँगच्या आंदोलकांनी २०१९ मध्ये छत्र्यांची छपरंच्या छपरं केली होती, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात तिथल्या सरकारने सभा-मोर्च्यांत चेहरा झाकायला बंदी घातली. मुंबईकराला जुलैत हे संरक्षण फुकट मिळतं.

एक सावधगिरीही सांगते. लंडनजवळच्या रॉमफर्डमध्ये जानेवारी २०१९ मध्ये पोलीस अशा कॅमेऱ्याची चाचणी घेत होते. एका माणसाने जाताना कपड्याने तोंड झाकलं. पोलिसांनी त्याला अडवलं, तो चिडला, बाचाबाची झाली आणि ९० पौंडांचा दंड भरून प्रकरण मिटलं. झाकणारा एकटा असला की झाकणंच नजरेत भरतं. जिथे सगळेच स्कार्फ बांधतात, मास्क लावतात, छत्री धरतात, तिथेच या गोष्टी काम करतात.

एवढ्यासाठी मी सगळ्यांना सांगत असते की चेहऱ्यामागे धावू नका, अल्बमकडे बघा. रेडिओ सिटी म्युझिक हॉल हे न्यूयॉर्कमधलं जुनं नाट्यगृह. नोव्हेंबर २०२२ मध्ये एक आई आपल्या मुलीच्या गर्ल स्काउट पथकाबरोबर तिथे नाताळचा कार्यक्रम बघायला गेली. दारातच तिला बाजूला घेण्यात आलं. ती वकील होती, आणि तिच्या फर्मचा नाट्यगृहाच्या मालकांशी संबंधित एका उपाहारगृहाविरुद्ध खटला चालू होता. त्या खटल्याशी तिचा स्वतःचा काडीचा संबंध नव्हता. मुलगी आत गेली, आई बाहेर राहिली. मालकांनी विरोधातल्या वकिलांचे चेहरे आणले कुठून? त्यांच्या फर्मच्याच संकेतस्थळांवरून. ‘आमचे सहकारी’ या पानावर हसरा फोटो आणि खाली स्वच्छ अक्षरांत नाव. अल्बम आयता मिळाला.

आपल्याकडे हे काम फ्लेक्स करतो. दादांचा वाढदिवस, खाली शुभेच्छुक म्हणून चाळीस पासपोर्ट फोटो आणि प्रत्येकाखाली नाव, वर मंडळाचं नाव, म्हणजे पत्ताही आलाच. कोणीतरी त्या फ्लेक्सचा फोटो फेसबुकवर टाकतंच. यंत्राला याहून नेटका अल्बम कोण देणार! क्लिअरव्ह्यू एआय या अमेरिकी कंपनीने इंटरनेटवरून असेच अब्जावधी फोटो गोळा केले आणि पोलीस खात्यांना त्यांत शोध घेण्याची सोय विकली. २०२० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने हे उघडकीला आणलं तेव्हा आकडा तीन अब्ज होता. २०२४ मध्ये नेदरलँड्सने कंपनीला ३ कोटी ५ लाख युरोंचा दंड केला.

तेव्हा पहिलं काम घरी बसून करायचं. स्वतःचं नाव, मग नाव आणि गाव, मग नाव आणि नोकरीची जागा असं शोधून बघा आणि चित्रांच्या भागात जा. चेहरा आणि नाव एकत्र कुठे कुठे आहे ते कागदावर लिहा. जुन्या नोकरीचं ‘आमचे सहकारी’ पान, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची पुस्तिका, मंडळाचं पान, सोसायटीचा ब्लॉग. त्यांना दोन ओळींचा विनंतीवजा मेल पाठवला की बरेचजण फोटो काढतात, कारण त्यांना तो तिथे आहे हेच आठवत नसतं. फेसबुकचं खातं ‘फक्त मित्र’ असं ठेवा. व्हॉट्सॲपचा डीपी फक्त संपर्कातल्यांना दिसेल असा करा. कामासाठी उघडी ओळख ठेवावी लागत असेल, तर बाजूने काढलेला किंवा गॉगल घातलेला फोटो लावा.

पिमआइज नावाची एक सेवा आहे. तिला फोटो दिला की तोच चेहरा इंटरनेटवर आणखी कुठे आहे ते ती दाखवते. आपला चेहरा तिच्या शोधातून वगळून घेण्याची सोय तिथे आहे, पण त्यासाठी ओळखपत्राची प्रत मागतात. चोराला किल्ली देऊन घर सांभाळायला सांगण्यासारखं हे वाटतं. मी स्वतः दिली नाही. शिकागो विद्यापीठाने २०२० मध्ये फॉक्स नावाचं साधन मोफत दिलं होतं. फोटो टाकण्यापूर्वी त्यात डोळ्यांना न दिसणारे बदल करायचे म्हणजे यंत्राची दिशाभूल होते, अशी कल्पना. वर्षभरातच इतर संशोधकांनी दाखवून दिलं की नव्या यंत्रांपुढे हे टिकत नाही आणि एकदा टाकलेला फोटो नंतर सुधारता येत नाही. न टाकलेला फोटोच काय तो सुरक्षित.

दुसरं काम तोंडाने करायचं आहे, आणि मराठी माणसाला ते सर्वांत अवघड जातं. ‘नको’ म्हणायचं. विमानतळापासून सुरुवात करा. चेहरा ओळखून प्रवाशांना आत सोडणारी डिजीयात्रा १ डिसेंबर २०२२ रोजी दिल्ली, बंगळुरू आणि वाराणसीत सुरू झाली. पुढच्या वर्षी पुणे आणि मुंबई आले, नंतर गोवा. ती ऐच्छिक आहे. तुमचा बोर्डिंग पास आणि ओळखपत्र दाखवून साध्या रांगेतून जाण्याचा मार्ग खुला आहे आणि त्यासाठी कोणाला कारण सांगावं लागत नाही. तरीही दारातच न विचारता फोटो काढून नोंदणी केली, अशा प्रवाशांच्या तक्रारी वर्तमानपत्रांत आल्या आहेत. म्हणून दारात कोणी उपकरण समोर धरून “इकडे बघा” म्हटलं की बघायच्या आधी विचारा, “हे डिजीयात्रासाठी आहे का? मला नकोय.” आपण आधी बघतो आणि मग विचारतो, हीच सगळी गोम आहे.

आधीच नोंदणी झाली असेल, तर नुसतं ॲप उडवू नका. आत जाऊन आधी खातं आणि ओळखीची नोंद पुसा, मग ॲप काढा. डिजीयात्रा चालवणाऱ्या कंपनीचं म्हणणं आहे की माहिती तुमच्याच फोनमध्ये राहते आणि विमानतळाला दिलेली प्रत उड्डाणानंतर २४ तासांत पुसली जाते. या कंपनीत विमानतळ प्राधिकरणाचा वाटा २६ टक्के, बाकी खासगी विमानतळांचा. आपण माहिती अधिकाराच्या कक्षेत येत नाही, अशी तिची भूमिका आहे. पुसलं की नाही हे कोणाला विचारायचं, ते तुम्हीच बघा.

मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या आई-बाबांसाठी थोडंसं. तिथे देशांतर्गत विमानाला सुरक्षा तपासणीच्या टेबलावर छोटा कॅमेरा असतो. “नो फोटो, प्लीज” म्हणा आणि पासपोर्ट पुढे करा. तो फोटो ऐच्छिक आहे, रांगेतली जागा जात नाही. मात्र देशात शिरताना परदेशी माणसाचा फोटो घेतलाच जातो, तिथे हुज्जत घालू नका. युरोपातही ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन देशांच्या सीमेवर बाहेरच्या प्रवाशांचा चेहरा आणि बोटांचे ठसे टप्प्याटप्प्याने नोंदवायला सुरुवात झाली. नकार दिला तर प्रवेश नाही.

इकडे आपल्याकडे, मंत्रालयात २०२५ पासून चेहरा ओळखून आत सोडण्याची यंत्रणा आहे. तिरुमलाला मार्च २०२३ पासून दर्शनाच्या टोकनांसाठी आणि खोल्यांसाठी चेहरा बघतात. अंगणवाडीतून घरी नेण्याचा पोषण आहार घ्यायलाही जुलै २०२५ पासून चेहरा लागतो. ‘नको’ म्हणणं ही चैन आहे हे मला ठाऊक आहे. जिच्या घरात त्या पाकिटाची वाट बघतात, तिला मी काय सल्ला देणार? पण ज्यांना परवडतं त्यांनी तरी म्हणावं. साधी रांग शिल्लक राहते ती तिच्यात कोणी उभं असतं म्हणून. ती रिकामी दिसली की बंद करायला कारण मिळतं.

याबाबत मी फुशारकी मारावी अशी माझी स्थिती नाही. आमच्या सोसायटीत घरकामाच्या मावशींसाठी फाटकावर चेहरा बघणारं यंत्र बसवायचं ठरलं, तेव्हा समितीच्या बैठकीत मीही हात वर केला होता. मावशींना कोणी विचारलं नाही. सकाळी साडेसहाला त्या येतात, मागून उजेड असतो, यंत्राला चेहरा काळा दिसतो, मग वॉचमन ओरडतो, “पदर काढा, सरळ बघा!” तिसऱ्या दिवशी आमच्याकडच्या मावशी मला म्हणाल्या, “ताई, तुमचा पाव्हणा आला तर त्याला चहा. आमचा फोटो. आमी काय चोऱ्या केल्या का?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. यंत्राचाही दोष होताच. एमआयटीतल्या २०१८ च्या एका अभ्यासात, चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या प्रणाली गोऱ्या पुरुषांबाबत जास्तीत जास्त ०.८ टक्के चुकल्या, तर सावळ्या-काळ्या स्त्रियांबाबत ३४.७ टक्क्यांपर्यंत.

पुढच्या सर्वसाधारण सभेत आम्ही ठराव केला. तुमच्याही सोसायटीत, जिममध्ये, क्लासमध्ये हेच मागता येईल. चेहरा नको असेल त्याला कार्ड किंवा वहीत सही. चेहऱ्यांची नोंद कोणत्या कंपनीकडे राहते ते नावानिशी लेखी. काम सोडलं की किती दिवसांत पुसणार ते लेखी. आणि फाटकावर मराठीत पाटी. ही शेवटची मागणी हट्ट म्हणून नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती मागताना द्यायची सूचना आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायला मिळण्याचा पर्याय असलाच पाहिजे, आणि मराठी त्यात आहे. संमती मोकळ्या मनाने, विनाअट दिलेली असावी आणि ती परत घेता यावी, असंही तो कायदा म्हणतो. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, पण ही कलमं १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत. तोवर दरडावता येणार नाही, पण पत्रात उल्लेख करून तयारी विचारायला हरकत नाही. कार्यालयातल्या हजेरीबाबत मात्र हा कायदा मालकाला बरीच मोकळीक देतो आणि सरकारी यंत्रणांना सूट देण्याची तरतूदही त्यात आहे. खोटी आशा लावत नाही.

महापालिका, पोलीस, सरकारी कार्यालय असेल तर माहिती अधिकार वापरा. महाराष्ट्रात अर्ज एका विषयावर आणि १५० शब्दांत बसवायचा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, उत्तर ३० दिवसांत. ‘माझा चेहरा तुमच्याकडे आहे का’ असं मोघम विचारलंत तर मोघम उत्तर येईल. असं लिहा: ‘या ठिकाणच्या कॅमेऱ्यांना चेहरा ओळखण्याची प्रणाली जोडलेली आहे काय, पुरवठादाराचे नाव व कराराची प्रत, ज्या यादीशी चेहरे ताडले जातात ती कोणत्या नोंदींतून तयार केली, किती टक्के साम्याला जुळणी मानतात, न जुळलेल्या चेहऱ्यांची नोंद किती दिवस ठेवतात, गेल्या वर्षी किती जुळण्या चुकीच्या ठरल्या.’ शेवटच्या प्रश्नाला बहुधा ‘माहिती उपलब्ध नाही’ असं येईल. तेही जपून ठेवा, ते फार बोलकं उत्तर आहे. प्रयागराजच्या २०२५ च्या महाकुंभात गर्दीवर एआयचे कॅमेरे होते. नाशिकचा सिंहस्थ तोंडावर आहे, तेव्हा नाशिककरांनी हा अर्ज आत्ताच टाकावा.

पोलिसांनी रस्त्यात थांबवून मोबाइलवर फोटो काढला तर? हैदराबादमध्ये २०२१ साली एका सामाजिक कार्यकर्त्याला असंच थांबवून मास्क काढायला लावला आणि फोटो घेतला. तो तेलंगणा उच्च न्यायालयात गेला. हातातला मोबाइल ढकलू नका, पळू नका. शांतपणे कारण विचारा, जागा, वेळ, गाडीचा क्रमांक आणि अधिकाऱ्याच्या छातीवरचं नाव टिपून घ्या, आणि घरी गेल्यावर लेखी विचारा. अटक झालेल्याची गोष्ट वेगळी. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने पोलिसांना फोटोसकट मोजमापं घेता येतात आणि ती ७५ वर्षं ठेवता येतात. ‘यंत्राने तुम्हाला ओळखलंय’ असं कोणी म्हटलं, तर वकिलाने पहिला प्रश्न विचारावा तो ‘आणखी काय पुरावा आहे?’ अमेरिकेत डेट्रॉइटमध्ये २०२० साली एका निरपराध माणसाला अशाच चुकीच्या जुळणीवरून त्याच्या बायको-मुलींसमोर पकडून नेलं. २०२४ मधल्या तडजोडीत तिथल्या पोलिसांना मान्य करावं लागलं की निव्वळ जुळणीवरून कोणाला अटक करायची नाही.

माझ्या कागदावरच्या यादीत एक नोंद बरेच दिवस तशीच राहिली होती, आमच्या गल्लीतल्या मंडळाचा फ्लेक्स. देणगी दिली की तुमचा फोटो शुभेच्छुकांत लागतो, ही आमच्याकडची पद्धत. या वर्षी मी अध्यक्षांना फोन करून सांगितलं, देणगी तेवढीच, नाव लावा, फोटो नको. ते पाच सेकंद गप्प बसले. मग म्हणाले, “मॅडम, काही झालं का? सगळं ठीक आहे ना?” ठीक आहे म्हटलं. गणपतीच्या आदल्या दिवशी फ्लेक्स लागला. चाळीस चेहरे, आणि दुसऱ्या ओळीत डावीकडून पाचवी मी. चेहऱ्याच्या जागी गुलाबाचं फूल.